दारू सोडताना : पहिले काही दिवस

- विथड्रॉवल : दारू अचानक थांबल्यावर सरावलेल्या शरीराला होणारा त्रास. साधारण ६ ते २४ तासांत सुरू. हात थरथरतात, चहाचा कप बशीवर खडखडतो; घाम, मळमळ, झोप उडणे.
- धोक्याचा काळ : फिट बहुधा पहिल्या ४८ तासांत. डिलिरियम ट्रेमेन्स (भास, बरळणे, ताप) बहुधा ४८ ते ९६ तासांत. जिवावर बेतू शकते. रोज भरपूर पिणाऱ्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दारू थांबवावी.
- थायमिन : ब-१ जीवनसत्त्व. मेंदूच्या रक्षणासाठी देतात.
- डिटॉक्स : विथड्रॉवलचा त्रास औषधांनी आटोक्यात आणणे, साधारण आठवडाभर. व्यसनमुक्ती : त्यानंतरचे समुपदेशन, गटसभा, कुटुंबाचा सहभाग, महिने-वर्षे.
- तलफ : लाटेसारखी येते, ओसरते. नेहमीची निमित्ते : भूक, राग, एकटेपणा, थकवा.
- स्लिप : एखाद्या वेळी पिणे. रिलॅप्स : पुन्हा पूर्वीसारखे पिऊ लागणे.
- अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस : दारू सोडणाऱ्यांचा परस्पर-मदत गट. स्थापना १९३५, अॅक्रन, अमेरिका. सूत्र : ‘फक्त आजचा दिवस’.
- मुक्तांगण, पुणे : व्यसनमुक्ती केंद्र. स्थापना १९८६. संस्थापक डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट.
- राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन : १४४४६ (निःशुल्क).