खोटी सुई, खरी परीक्षा

स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या आनुवंशिक आजारात 'एसएमएन' हे प्रथिन कमी पडते, स्नायूंना हलवणाऱ्या मज्जारज्जूतील चेतापेशी मरतात आणि बाळ लुळे पडत जाते. प्रथिनाचे मुख्य जनुक निकामी असते. त्याचे जवळजवळ जुळे जनुक शाबूत असते. पण त्याचा संदेश जोडला जाताना सातवा तुकडा बहुधा गळतो. नुसिनर्सेन हे औषध म्हणजे न्यूक्लिइक आम्लासारखा एक कृत्रिम धागा. तो संदेशाला चिकटतो आणि तुकडा गळू देत नाही. रक्तातून तो मज्जारज्जूपर्यंत पोचत नाही, म्हणून कमरेच्या मणक्यांमधून मेरुद्रवात सोडावा लागतो.

गुण आला हे ठरवायचे कसे? आशेने पाहणाऱ्याला बाळाची प्रत्येक हालचाल मोठी वाटते. म्हणून २०१४ साली सुरू झालेल्या 'एन्डियर' चाचणीत १२१ तान्ह्यांपैकी ८० जणांना औषध दिले. उरलेल्या ४१ जणांच्या पाठीला नुसती सुई टोचून पट्टी लावली. पालकांना व मोजमाप करणाऱ्यांना फरक कळू नये म्हणून. मरणाच्या दारातल्या बाळाला खोटी सुई! आम्हालाही हे सहज पचत नाही. पण हाच गट नसता, तर औषधाचा गुण आणि आशेचा भास वेगळे करणार कसे?

ऑगस्ट २०१६ मध्ये मधला हिशेब झाला. मान धरणे, पालथे पडणे अशी ठरलेली प्रगती औषधगटात ५१ पैकी २१ बाळांनी दाखवली. दुसऱ्या गटात २७ पैकी एकानेही नाही. चाचणी तिथेच थांबवून त्या बाळांनाही औषध खुले केले. तरीही अखेरच्या हिशेबात औषध घेतलेल्या ८० पैकी ३१ बाळे दगावली किंवा कायमची श्वसनयंत्रावर गेली; दुसऱ्या गटात ४१ पैकी २८. मेलेली चेतापेशी औषधाने परत येत नाही.