विश्लेषण : ‘समाधानकारक’ हवा खरेच सुरक्षित असते का?

थंडी सुरू झाली की मुंबई-पुण्यात हवा गुणवत्ता निर्देशांकाची (एक्यूआय) चर्चा सुरू होते. निर्देशांक ५१ ते १०० असला की हवा ‘समाधानकारक’ ठरते आणि नागरिक निर्धास्त होतात. ही निश्चिंती कितपत योग्य?

निर्देशांक कसा ठरतो?

सूक्ष्म धूलिकण (पीएम २.५), धूलिकण (पीएम १०), नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, ओझोन, कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया आणि शिसे या आठ प्रदूषकांचा त्यात विचार होतो. उपलब्ध नोंदींवरून प्रत्येकाचा उपनिर्देशांक काढला जातो. त्यातील सर्वाधिक आकडा हाच निर्देशांक. त्यांची बेरीज होत नाही. त्यामुळे एकाच वेळी दोन-तीन प्रदूषके वाढली, तरी त्यांचा एकत्रित भार त्यात दिसत नाही.

तफावत किती?

पीएम २.५ची २४ तासांची सरासरी दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपर्यंत असेल, तर भारतात हवा ‘समाधानकारक’ असते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ मधील मर्यादा मात्र १५ आहे. म्हणजे चौपट फरक. आपली ‘चांगली’ श्रेणीही ३० पर्यंत जाते. वार्षिक सरासरीत तफावत आणखी मोठी आहे : भारताचे २००९ मधील मानक ४०, तर संघटनेची शिफारस ५.

शरीरावर परिणाम काय?

केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढे हे कण नाका-घशात अडकत नाहीत. ते फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि त्यातील अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. त्यामुळे दमा बळावतोच, शिवाय हृदयविकार, पक्षाघात आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये बाहेरील हवेचे प्रदूषण कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. गर्भवतींमध्ये कमी वजनाचे बाळ जन्मण्याची शक्यता वाढते.

हिवाळ्यातच त्रास जास्त का?

रात्री जमिनीलगतची हवा थंड होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो. वाराही मंदावतो. वाहनांचा धूर, बांधकामाची धूळ आणि कचरा जाळल्याचा धूर खालीच कोंडतो.

नागरिकांनी काय पाहावे?

शेऱ्याऐवजी पीएम २.५ची प्रत्यक्ष पातळी पाहावी. ती वाढलेली असताना मुले, वृद्ध, गर्भवती आणि दमा वा हृदयविकाराच्या रुग्णांनी सकाळचा व्यायाम घरात करावा. बाहेर पडताना एन-९५ मुखपट्टी वापरावी. अर्थात हा तात्पुरता बचाव झाला. रस्त्यावर विक्री करणारे, वाहतूक पोलीस आणि बांधकाम मजूर यांना घरात थांबण्याची मुभा नसते. त्यांच्यासाठी धूर आणि धूळ उगमाशीच रोखणे, हाच उपाय उरतो.