गुळवेलीचे सत्त्व आणि गुळवेलीतील बहुशर्करा

गुळवेलीचे ‘सत्त्व’ काढण्याची रीत वैद्यांच्या परिचयाची आहे. ओल्या वेलीचे तुकडे ठेचून पाण्यात भिजत घालावयाचे, हाताने कुसकरावयाचे, पाणी फडक्यातून गाळून स्थिर ठेवावयाचे. तळाशी बसलेला पांढरा साका वाळविला म्हणजे सत्त्व तयार झाले. वरची निवळी ओतून देतात. सत्त्व म्हणजे सार. सबब वेलीचे सारे गुण साक्यात उतरले असावेत, अशी समजूत शब्दामुळेच होते. वस्तुतः हा साका मुख्यतः स्टार्चचा असतो. थंड पाण्यात विरघळत नाही, म्हणूनच तो तळाशी बसतो.

संशोधकांचे लक्ष वेधले ते मात्र पाण्यात विरघळणाऱ्या बहुशर्करांनी. मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्रात गुळवेलीच्या खोडातून अरॅबिनोगॅलॅक्टन वर्गातील एक बहुशर्करा वेगळी करण्यात आली. तिचे प्रतिरक्षाविषयक कार्य १९९९ साली प्रसिद्ध झाले. लोहामुळे मेदांची आणि गॅमा किरणांमुळे प्रथिनांची जी हानी होते तिला ही बहुशर्करा आळा घालते, असे २००२ साली दाखविण्यात आले. हे प्रयोग प्रयोगशाळेतील होते, रोग्यांवरील नव्हेत.

अशा बहुशर्करा मिळविण्याची सर्वसाधारण रीत अशी : वाळलेल्या खोडाची पूड प्रथम अल्कोहोलने धुतात, रंगद्रव्ये, कडू द्रव्ये व लहान शर्करा निघून जातात. मग पाण्यात अर्क काढतात. पाणी ऊन असेल तर उतारा वाढतो. परंतु मागे राहावयाचा स्टार्चही फुगून अर्कात उतरतो. आयोडिनाने निळा रंग आला की तो ओळखू येतो, आणि अमायलेजने त्याचे विघटन करावे लागते. पुढे अर्क आटवून त्यात सुमारे चौपट अल्कोहोल घालतात, म्हणजे बहुशर्करांचा साका पडतो. त्यातील प्रथिने काढून टाकून अपोहनाने क्षार व लघुरेणू दूर करतात.

खरी फसगत होते ती परीक्षणात. डीपीपीएच या द्रव्याचा जांभळा रंग फिका पडला की ऑक्सिडीभवनरोधक गुण आहे, असे मानतात. परंतु साक्याला चिकटून आलेली फिनॉल द्रव्येही हा रंग घालवितात, आणि अत्यल्प प्रमाणातही घालवितात! म्हणून शुद्धीकरणाच्या प्रत्येक पायरीवर फिनॉलांचे प्रमाण व रंग घालविण्याची शक्ती ही दोन्ही मोजावी लागतात. दोन्ही बरोबरीने घटत गेली, तर तो गुण बहुशर्करेच्या नावावर मांडता येत नाही. फिनॉल-सल्फ्युरिक अम्लाची कसोटीही येथे अपुरी पडते, कारण ती केवळ एकूण शर्करा सांगते. अरॅबिनोज व गॅलॅक्टोज किती आणि स्टार्चमधून आलेले ग्लुकोज किती, हे जलविच्छेदनानंतर क्रोमॅटोग्राफीनेच कळते.