मॉरिशस : चिन्हे आणि माणसे

परक्या देशाची ओळख करून घ्यायची तर सुरुवात कोठून करावी? शाळेत आपण राजधानी, क्षेत्रफळ, मुख्य पिके अशी यादी पाठ करतो. परीक्षेपुरती ती ठीक आहे. पण प्रवासी म्हणून तुम्ही त्या देशात उतरलात म्हणजे त्या यादीचा फारसा उपयोग होत नाही. तेथे डोळ्यांपुढे प्रथम येतात ती त्या देशाची चिन्हे : झेंडा, सरकारी मोहोर, नोटा. आणि मग माणसे. चिन्ह वाचता आले म्हणजे माणूस थोडा कळतो, आणि माणूस कळला म्हणजे चिन्हाचा खरा अर्थ लागतो. आज आपण मॉरिशस या छोट्या देशाच्या बाबतीत हे करून पाहू.

मॉरिशसच का? तर तो देश आपल्याला वाटतो तितका परका नाही. शिरोळ तालुक्यातला शेतकरी तेथे गेला तर त्याला पहिल्यांदा दिसेल तो ऊस. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, डोंगराच्या पायथ्यापर्यंत ऊस. शेताच्या मधोमध काळ्या दगडांच्या मोठमोठ्या राशी दिसतील. हे बेट ज्वालामुखीतून वर आलेले, म्हणून आपल्या सह्याद्रीसारखाच काळा कातळ तेथेही आहे. रान लागवडीस आणण्यासाठी मजुरांनी दगड वेचून या राशी रचल्या. फरक ऋतूचा. ते बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे आपल्याकडे थंडी असते तेव्हा तेथे उन्हाळा. आपला गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो; तेथे तो जूनमध्ये सुरू होऊन वर्षाअखेरीस आटोपतो.

नकाशा पाहा. मुंबईपासून सुमारे ४,७०० किलोमीटर नैर्ऋत्येस, मादागास्करच्या पूर्वेस, हिंदी महासागरात हा ठिपका दिसेल. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचा जेमतेम चौथा हिस्सा. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. राजधानी पोर्ट लुई.

आता या देशाची राजमुद्रा हातात घ्या. मध्ये ढाल. ढालीच्या एका बाजूस डोडो पक्षी, दुसऱ्या बाजूस सांबराच्या जातीचे हरिण, आणि दोघांजवळ उसाची कांडी. खाली लॅटिन भाषेत ब्रीदवाक्य. त्याचा अर्थ, हिंदी महासागराचा तारा आणि किल्ली. किल्ली अशासाठी की सुएझचा कालवा होण्यापूर्वी युरोपातून हिंदुस्थानाकडे येणाऱ्या गलबतांना हे बेट मोक्याच्या जागी लागे. ज्याच्या हाती हे बंदर, त्याच्या हाती वाट.

या तीन चित्रांचा विचार केलात तर एक गंमत दिसेल. डोडो हा त्या बेटाचा अस्सल रहिवासी. उडता न येणारा, माणसाचे भय ठाऊक नसलेला पक्षी. डच लोक १५९८ साली बेटावर उतरले आणि त्यांनी आपल्या राजपुत्र मॉरिसच्या नावावरून बेटाला नाव दिले. त्यांच्यामागून डुकरे, माकडे, उंदीर आले. शंभर वर्षे पुरी होण्याच्या आत डोडो नाहीसा झाला. हरिण आणि ऊस मात्र दोन्ही बाहेरचे. डचांनीच सतराव्या शतकात ते जावा बेटातून आणले. म्हणजे मुद्रेवर जो खरा तेथला, तो आज जगात नाही, आणि जे टिकले ते पाहुणे म्हणून आलेले.

माणसांचेही तसेच. मॉरिशसला मूळचे असे रहिवासी नव्हतेच. डच १७१० साली निघून गेले. १७१५ साली फ्रेंच आले. १८१० साली इंग्रजांनी बेट जिंकले. फ्रेंचांनी आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणले. पुढे चिनी व्यापारी आले. आपल्या जयसिंगपुराचे उदाहरण घ्या ना! शाहू महाराजांनी १९१७ साली वडिलांच्या नावाने ही पेठ वसवली, आणि निरनिराळ्या गावांची, निरनिराळ्या भाषांची माणसे येऊन ती भरली. मॉरिशस हा असा एक अख्खा देशच समजा.

मग भारतीय तेथे कसे गेले? इंग्रजांनी १८३५ च्या फेब्रुवारीत बेटावरची गुलामगिरी बंद केली. पण उसाच्या मळेवाल्यांना हात हवेतच होते. म्हणून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेण्यात आले. ही पद्धत १८३४ साली सुरू झाली. ‘अॅग्रिमेंट’ या शब्दाचे आपल्या लोकांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले. १९१० पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे अशी गेली. बहुतेक कलकत्त्याहून, म्हणजे बिहारकडची, काही मद्रासहून, आणि थोडी मुंबई बंदरातून. या शेवटच्यांत कोकणातले आणि घाटावरचे आपले मराठी लोक होते.

करार बहुधा पाच वर्षांचा. गडी माणसाला महिना पाच रुपये आणि वर शिधा. एक दिवस कामावर आला नाही, तर दोन दिवसांची मजुरी कापत. मळ्याबाहेर पडायला परवाना लागे. पुढे पुढे त्या परवान्यावर मजुराचा फोटोही लावीत. शिपायाने विचारले आणि परवाना जवळ नसला, तर तुरुंग. आपल्या भागात ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्या, मुकादम आणि आधी दिलेली उचल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही व्यवस्था समजायला वेळ लागणार नाही. दोन्ही गोष्टी एक नव्हेत. आपला तोडणी कामगार हंगाम संपला की गावी परततो; त्या मजुरांतल्या बहुतेकांना परतीचा समुद्र पुन्हा दिसला नाही.

पोर्ट लुईच्या धक्क्यावर ‘आप्रवासी घाट’ नावाची जागा आहे. बोटीतून उतरलेला मजूर दगडी पायऱ्या चढून या आवारात येई, आणि येथून त्याला मळ्यावर पाठवीत. युनेस्कोने २००६ साली या जागेला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. प्रवाशाने ती जरूर पाहावी. पण तेवढ्यावर थांबू नये. बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला ल मॉर्न नावाचा उभ्या कड्यांचा डोंगर आहे. मळ्यांवरून पळालेले गुलाम त्या कड्याकपारींत आसरा घेत. तोही २००८ साली जागतिक वारसा ठरला. १ फेब्रुवारीला गुलामगिरी संपल्याची सुट्टी, २ नोव्हेंबरला गिरमिटिये आल्याची सुट्टी. ज्यांचे पूर्वज साखळदंडात आले आणि ज्यांचे करारावर आले, त्या दोघांचेही दुःख देशाने पंचांगात लिहून ठेवले आहे.

झेंडाही याच नजरेने पाहा. आडवे चार पट्टे : तांबडा स्वातंत्र्याच्या झगड्याचा, निळा महासागराचा, पिवळा स्वातंत्र्याच्या प्रकाशाचा आणि हिरवा शेतीचा. हा झेंडा १२ मार्च १९६८ रोजी उभारला गेला. गांधीजींची दांडीयात्रा १९३० साली निघाली तीही १२ मार्चलाच. पुढे १९९२ साली त्याच तारखेला देश प्रजासत्ताक झाला.

चिन्हे लोकांच्या मनाला किती झोंबतात, याची एक गोष्ट सांगतो. तेथल्या नाण्याचे नावही रुपयाच. नोटांवर इंग्रजीखाली तमिळ आणि मग हिंदी असा क्रम चालत आलेला होता. १९९८ साली नव्या नोटा निघाल्या त्यांत हिंदी आधी आणि तमिळ नंतर छापले गेले. तमिळ समाज संतापला. अखेर त्या नोटा मागे घेऊन जुन्या क्रमाने पुन्हा छापाव्या लागल्या. बाहेरच्याला वाटेल, ओळ वर काय नि खाली काय! पण सीमेवर राहणाऱ्या आपणांस पाटीवरच्या भाषेचे मोल कोणी सांगायला नको.

मग हे लोक एकमेकांशी बोलतात तरी कोणत्या भाषेत? कायदेमंडळाचे काम इंग्रजीत चालते. वर्तमानपत्रे बहुतेक फ्रेंच. आणि घरात, बाजारात, बसमध्ये सर्वांची म्हणून एक क्रिओल बोली. ती फ्रेंचपासून गुलामांच्या तोंडी घडली. आज हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, चिनी सगळेच ती बोलतात. त्यांच्या ‘सेगा’ नाचाला ‘रावान’ नावाचे चामड्याचे गोल वाद्य लागते. वाजवण्यापूर्वी ते जाळावर शेकून ताणतात. आपला हलगीवाला दुसरे काय करतो? खाण्यात ‘धाल पुरी’ म्हणून एक प्रकार रस्त्यारस्त्यावर मिळतो : वाटलेली डाळ भरलेली पातळ पोळी. पुरणपोळीच म्हणा, फक्त गुळाविना.

आपली मराठी माणसे या सगळ्यात थोडीच. शंभरात दोन-तीनही भरणार नाहीत. पण गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते. १८९६ पासून तेथे गणपती बसतो असे सांगतात. मिरवणुकीत झाकरी नाचतात. तीच आपल्या कोकणातली जाखडी. गोंधळही टिकून आहे. आडनावांत मात्र गाव सापडायचे नाही. कारकुनाने आलेल्या माणसाचे नाव कानाला ऐकू आले तसे लिहून घेतले, आणि आजोबाचे नाव नातवाचे आडनाव होऊन बसले : बापू, सखाराम.

भाषेचे काय झाले? येथे नीट लक्ष द्या. देव राहिला, नाच राहिला, लग्नातले विधी राहिले. पण घरातली मराठी बोली पिढ्यापिढ्यांनी विरत गेली. आज तेथले बहुतेक मराठी घर क्रिओल बोलते. मराठी उरली ती शाळेत शिकवायला घेतली म्हणून. प्राथमिक शाळांत ती ऐच्छिक विषय आहे, आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत तिचे वरचे शिक्षण मिळते. रूढी सणाच्या जोरावर टिकते. भाषेला मात्र रोज कोणीतरी बोलावे लागते, नाहीतर फळ्यासमोर बसून ती नव्याने शिकावी लागते.

शाळेचा विषय निघालाच आहे, तर गांधीजींची आठवण द्यायला हवी. १९०१ साली दक्षिण आफ्रिकेतून परतताना त्यांची बोट मॉरिशसला थांबली आणि ते काही आठवडे तेथे राहिले. त्यांनी तेथल्या भारतीयांना सांगितले ते थोडक्यात असे : मुलांना शिकवा आणि देशाच्या कारभारात भाग घ्या. १९०७ साली बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर तेथे गेले. कोर्टात मजुरांची बाजू मांडू लागले, त्यांच्यासाठी वर्तमानपत्र काढले. आणि बिहारमधून आलेल्या एका मजुराचा मुलगा, १९०० साली जन्मलेला शिवसागर रामगुलाम, शिकून डॉक्टर झाला आणि १९६८ साली स्वतंत्र देशाचा पहिला पंतप्रधान झाला.

तेव्हा तुमच्यापैकी कोणी मॉरिशसला गेलेच, तर एवढे ध्यानात ठेवा. तेथल्या माणसाला ‘तुम्ही आमचेच की!’ म्हणून मिठी मारायची घाई करू नका. तो प्रथम मॉरिशसचा आहे. त्याच्या पूर्वजांनी घाम गाळून तो देश उभा केला आहे. त्याला त्याच्या देशाविषयी विचारा, सेगा ऐका. मग आजोबांची गोष्ट तो आपण होऊन सांगेल.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. भूगोलाच्या तासाला हा ठिपका मुलांना दाखवा आणि राजमुद्रेतला ऊस कोणी लावला, कोणी तोडला हे विचारा. मग खिडकीबाहेर पाहा. हंगामात तुमच्या गावाच्या शिवारात खोपी पडतात. त्यांतली किती मुले तुमच्या हजेरीपटावर आहेत? जी नाहीत, त्यांच्या आईबापांशी एकदा फडावर जाऊन बोला. चार-पाच महिन्यांकरिता का होईना, त्यांना वर्गात बसू द्या.