टेबल कुठे कुठे वापरलंय? शोधाविषयीचे पाच गैरसमज

जुन्या डेटाबेसमधलं एखादं टेबल बदलायचं किंवा काढायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, हे कुठे कुठे वापरलंय? व्ह्यू, प्रोसिजर, ट्रिगर, रिपोर्ट, रात्री चालणारा जॉब, संदर्भ कुठेही दडलेला असू शकतो. तो शोधण्याची साधनं जवळजवळ प्रत्येक डेटाबेसमध्ये आहेत. मात्र त्यांच्याविषयीचे काही समज चालू काम बंद पाडू शकतात.

गैरसमज १ : टेबल वापरात असेल तर डेटाबेस ते काढूच देणार नाही.

वस्तुस्थिती : प्रत्येक डेटाबेसची रीत वेगळी आहे. पोस्टग्रेसमध्ये टेबलावर एखादा व्ह्यू उभा असेल तर ‘ड्रॉप टेबल’ नाकारलं जातं, पण पुढे ‘कॅस्केड’ लिहिलंत तर टेबलाबरोबर तो व्ह्यूही जातो. ओरॅकल टेबल काढतो आणि त्यावरचे व्ह्यू व प्रोसिजर ‘इनव्हॅलिड’ ठरवतो. एसक्यूएल सर्व्हर अडवतो ते मुख्यतः दोन कारणांनी : दुसऱ्या टेबलाची फॉरिन की इकडे येत असेल तर, किंवा व्ह्यू ‘स्कीमाबाइंडिंग’सह बनवला असेल तर. साध्या व्ह्यूला आणि प्रोसिजरला तो हातही लावत नाही. त्या पुढच्या वेळी चालवल्या की मगच चूक समोर येते, आणि तोवर टेबल गेलेलं असतं.

गैरसमज २ : कॅटलॉगमध्ये नोंद नाही, म्हणजे संदर्भ नाही.

वस्तुस्थिती : एसक्यूएल सर्व्हर २००८ पासून ‘सिस.एसक्यूएल_एक्स्प्रेशन_डिपेंडन्सीज’ हा संदर्भांची नोंद ठेवणारा कॅटलॉग-व्ह्यू मिळाला. ओरॅकलमध्ये ‘ऑल_डिपेंडन्सीज’ आहे, पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी_डिपेंड’. एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या ‘एसपी_डिपेंड्स’ची भिस्त ऑब्जेक्टच्या क्रमांकावर होती. त्यामुळे टेबलाच्या आधी प्रोसिजर बनली असेल तर नोंद गळायची. नवा व्ह्यू नावानिशी नोंद ठेवतो, म्हणून तोच वापरावा. फॉरिन की मात्र त्यातही दिसत नाही, ती ‘सिस.फॉरिन_कीज’मध्ये वेगळी पाहावी लागते.

खरी अडचण आहे डायनॅमिक एसक्यूएलची. समजा, दर वर्षाच्या विक्रीचं वेगळं टेबल आहे. प्रोसिजर बाहेरून वर्ष घेते, ‘विक्री_’ला ‘२०२३’ जोडते आणि तयार झालेली ओळ चालवते. ‘विक्री_२०२३’ हे पूर्ण नाव कोडमध्ये कुठेच लिहिलेलं नाही, त्यामुळे कॅटलॉगला त्याचा पत्ता नाही. पोस्टग्रेसच्या फंक्शनमध्येही कोड अवतरणात मजकूर म्हणून ठेवलेला असेल तर त्यातली टेबलं नोंदली जात नाहीत. आवृत्ती १४ पासून ‘बिगिन अ‍ॅटॉमिक’ने लिहिलेल्या फंक्शनची नोंद होते, पण जुनी फंक्शनं तशीच राहतात.

गैरसमज ३ : सगळ्या कोडमध्ये नाव शोधलं की काहीच सुटत नाही.

वस्तुस्थिती : कुठे आणि कसं शोधता, यावर ते ठरतं. एसक्यूएल सर्व्हरच्या ‘इन्फर्मेशन_स्कीमा.रुटीन्स’मध्ये प्रत्येक प्रोसिजरची पहिली ४००० अक्षरंच मिळतात. लांबलचक प्रोसिजरच्या शेवटी आलेलं नाव तिथे सापडणारच नाही. पूर्ण मजकुरासाठी ‘सिस.एसक्यूएल_मॉड्यूल्स’ पाहावं. प्रोसिजर एन्क्रिप्ट केलेली असेल तर तिथेही ‘नल’च दिसतं.

अंडरस्कोअरही फसवतो. ‘लाइक’च्या शोधात त्याचा अर्थ ‘कोणतंही एक अक्षर’ असा होतो, म्हणून एसक्यूएल सर्व्हरमध्ये तो चौकोनी कंसात लिहावा. अशा शोधात कॉमेंटमधली आणि मिळतीजुळती नावंही येतात, ती हाताने चाळावी लागतात. ही मेहनत वाया जात नाही, कारण वरच्या उदाहरणातली प्रोसिजर कॅटलॉगला दिसली नाही तरी ‘विक्री[_]’ शोधल्यावर हाती लागते.

गैरसमज ४ : नाव बदललं की संदर्भही आपोआप बदलतात.

वस्तुस्थिती : एसक्यूएल सर्व्हरचं ‘एसपी_रिनेम’ टेबलाचं नाव बदलतं, प्रोसिजर आणि व्ह्यूमधला मजकूर जुनाच ठेवतं. पोस्टग्रेसमध्ये व्ह्यू टेबलाला आतल्या क्रमांकाने ओळखतो, म्हणून तो चालू राहतो. मजकूर म्हणून ठेवलेलं फंक्शन मात्र जुनंच नाव शोधत राहतं आणि अडकतं.

गैरसमज ५ : बरेच दिवस कोणी हात लावला नाही, म्हणजे टेबल निकामी आहे.

वस्तुस्थिती : एसक्यूएल सर्व्हरची इंडेक्स वापराची आकडेवारी सर्व्हर पुन्हा सुरू झाला की शून्यावर येते. तिच्यात दिसणारे ‘बरेच दिवस’ कधीकधी गेल्या आठवड्यापासूनचेच असतात. शिवाय काही टेबलं ३१ मार्चला हिशेब बंद करतानाच उघडतात. जूनमध्ये शांत दिसणारं टेबल निकामी ठरवणं घाईचं आहे.

मग करायचं काय?

आधी कॅटलॉग, मग फॉरिन की, मग पूर्ण मजकुरात नावाचा आणि नावाच्या तुकड्यांचा शोध. त्यानंतर डेटाबेसच्या बाहेर पाहा : एसक्यूएल सर्व्हरच्या ‘एमएसडीबी’मधल्या ‘सिसजॉबस्टेप्स’मध्ये जॉबच्या पायऱ्या, त्याच सर्व्हरवरचे दुसरे डेटाबेस, अ‍ॅप्लिकेशनचा कोड, रिपोर्ट आणि थेट जोडलेल्या एक्सेल फाइली. एवढं झाल्यावरही टेबल लगेच काढू नका. आधी त्याचं नाव बदला, परतीची स्क्रिप्ट तयार ठेवा आणि एक वर्षअखेर त्यावरून जाऊ द्या.

शोधात काहीच न सापडणं हा पुरावा नव्हे, त्या शोधाची मर्यादाही असू शकते. प्रत्येक साधन काय पाहतं आणि काय पाहत नाही हे ज्याला माहीत आहे, त्यानेच ‘ड्रॉप’ लिहावं.