सिंहगडावरची भाकरी

पुण्यानजीक सिंहगडावर पायथ्याच्या गावांतील स्त्रिया जी भाकरी थापून देतात, तिचे मर्म असे की, ज्वारीच्या पिठास गव्हासारखा चिवटपणा निसर्गतः नसल्याने ते ऊन पाण्याने, तळहाताखाली रगडूनच एकजीव करावे लागते; मेक्सिकोतील मक्याचीही तीच अडचण असल्यामुळे तेथे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटतात व मग तोर्तिया थापतात, आणि त्यायोगे पीठ तर बांधले जातेच, शिवाय एरवी अंगी न लागणारे नायसिन हे जीवनसत्त्वही मोकळे होते. 1995 साली सरकारदरबारी एक रुपयात झुणका-भाकरीची योजना निघाली खरी, परंतु निखाऱ्यावर फुगून थेट पानात पडणाऱ्या भाकरीची सर कोणत्याही सरकारी दरपत्रकास येणे नाही. पिठले, ठेचा व मडक्यातले दही अवश्य मागावे. गर्दीमुळे रविवार मात्र वर्ज्य समजावा.