रोजच्या वाटेवरचा सोबती

रसायनीजवळून वाहणाऱ्या पाताळगंगेचे एक वैशिष्ट्य नवख्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. कोकणातील बहुतेक नद्या होळीनंतर आटू लागतात. पाताळगंगेला मात्र वैशाखातही पाणी असते. आकाशात ढगाचा मागमूस नसताना हे पाणी येते कोठून? घाटमाथ्यावर लोणावळा, वळवण या तलावांत साठविलेले पावसाचे पाणी मोठमोठ्या नळांतून खोपोलीच्या वीजगृहात उतरते आणि तेथून नदीत सोडले जाते. १९१५पासून हे असे चालू आहे. नदीकाठच्या माणसाला तलाव दिसत नाही. त्याला दिसते ते फक्त वाहते पाणी.

ख्रिस्ती माणूस जेव्हा म्हणतो, 'देव माझ्याबरोबर आहे', तेव्हा तो काहीसे असेच बोलत असतो. उगम डोळ्यांना दिसत नाही, पण कोरड्या दिवसांतही मनाला कोठून तरी ओलावा मिळत राहतो. हा अनुभव नेमका कसा असतो? 'देवाने मला मार्ग दाखविला' असे एखादा ख्रिस्ती शेजारी किंवा सहकारी सहज बोलून जातो, त्याचा अर्थ काय घ्यायचा? आणि तो मार्ग देवाचाच आहे, आपल्याच इच्छेचा प्रतिध्वनी नाही, हे ओळखायचे कसे? श्रद्धावंतालाही हे प्रश्न पडतात. किंबहुना त्याला ते अधिक पडतात.

आवाज कोणाचा?

देव प्रत्येक वेळी कानात स्पष्ट शब्दांत बोलतो, अशी ख्रिस्ती समजूत आहे असे अनेकांना वाटते. बायबल वाचले तर चित्र वेगळे दिसते. बाल शमुवेलाला रात्री हाक ऐकू येते, तेव्हा ती वृद्ध याजक एलीचीच आहे असे समजून तो तीनदा त्याच्याकडे धावत जातो. ही हाक देवाची असावी, हे अखेर एलीच्या ध्यानात येते. संदेष्टा एलीया होरेब डोंगरावर देवाची वाट पाहतो. सोसाट्याचा वारा येतो, भूकंप होतो, अग्नी भडकतो. पण देव त्यांत नसतो. त्यानंतर आलेल्या अगदी मंद स्वरात त्याला देवाचे सान्निध्य जाणवते. आणि येशूच्या पुनरुत्थानाच्या दिवशी अम्माऊस गावाच्या वाटेवर दोन शिष्य चालत असतात. येशू त्यांच्याबरोबर चालतो, बोलतो, तरी ते त्याला ओळखत नाहीत. संध्याकाळी घरी जेवायला बसल्यावर तो भाकर मोडतो, तेव्हा त्यांचे डोळे उघडतात.

या तिन्ही कथांतून पुढील ख्रिस्ती परंपरेने महत्त्वाचे धडे घेतले. देवाचा आवाज ओळखायला दुसऱ्या अनुभवी माणसाची मदत लागते. तो आवाज बहुधा शांत असतो. आणि पुष्कळदा देव सोबत होता हे वाट चालून झाल्यावर, मागे वळून पाहताना कळते.

स्वयंपाकघरातील साधना

सतराव्या शतकात पॅरिसमधील कार्मेलाईट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक साधे बंधू होते. ते पूर्वी सैनिक होते आणि पायाने अधू झाले होते. मठात त्यांच्या वाट्याला आले स्वयंपाकघर, आणि त्या कामाची त्यांना मुळीच आवड नव्हती. तरीही भांड्यांच्या खडखडाटात, चार माणसे चार वस्तू मागत असताना, मनातल्या मनात देवाशी बोलत राहण्याची सवय त्यांनी लावून घेतली. प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांतील भेद त्यांच्यापुरता मावळला. १६९१ साली त्यांचे निधन झाले. त्यांची पत्रे आणि संभाषणे नंतर प्रसिद्ध झाली व आजही जगभर वाचली जातात.

मराठी वाचकाला ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. जात्यावर बसलेली जनाबाई आणि मळ्यात राबणारा सावता माळी यांना ज्या भूमीने संत मानले, तेथे कामात देव भेटतो हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक तर तुकारामांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे मानत असत. फरक आहे तो श्रद्धेच्या केंद्राचा. ख्रिस्ती माणसाच्या लेखी हा सोबती म्हणजे येशू ख्रिस्त होय आणि त्याचे सान्निध्य पवित्र आत्म्याच्या द्वारे अंतःकरणात राहते.

प्रत्यक्षात ही साधना फार साधी असते. कोणी पहिल्या पाळीला निघण्यापूर्वी बायबलातील एखादे स्तोत्र वाचतो. कोणाकडे रात्री जेवणानंतर कुटुंब एकत्र बसून प्रार्थना करते. कॅथलिक घरांतून रोझरीची माळ ओढली जाते, तर प्रॉटेस्टंट मंडळ्यांत आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी घरी प्रार्थनासभा भरते. रविवारच्या उपासनेत किंवा मिस्सामध्ये या सहा दिवसांना एकत्र गुंफले जाते. एवढ्याशा गोष्टींनी काय होते, असे कोणी विचारील. पण सवयीनेच कान तयार होतो. रोज रियाज करणाऱ्यालाच बेसूर चटकन कळतो.

परीक्षा कोणती?

अंतःप्रेरणा पारखण्याचा पद्धतशीर विचार येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी केला. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय जायबंदी झाला. अंथरुणावर पडल्या पडल्या ते कधी शौर्य आणि मानमरातबाची स्वप्ने रंगवीत, तर कधी संतांसारखे जगण्याचा विचार करीत. दोन्हींत त्यांना आनंद वाटे. पण पहिल्या स्वप्नानंतर मन कोरडे पडे आणि दुसऱ्या विचारानंतरचे समाधान टिकून राही. या लहानशा निरीक्षणातून त्यांच्या आत्मिक साधनेचा पाया घातला गेला. कोणता विचार क्षणभर सुखावतो आणि कोणता विचार खोलवर शांती, धैर्य व प्रेम ठेवून जातो, हे पाहत जावे, असे त्यांचे सांगणे.

त्यासाठी त्यांनी रोजचे मनपरीक्षण सुचविले. दिवसाबद्दल देवाचे आभार मानायचे, प्रकाश मागायचा, सकाळपासूनच्या घटना डोळ्यांसमोरून जाऊ द्यायच्या, चुकले तेथे क्षमा मागायची आणि उद्याचा संकल्प करायचा. पंधरा मिनिटे पुरतात. लोकलच्या किंवा कंपनीच्या बसच्या परतीच्या प्रवासातही हे करता येते.

सर्वच ख्रिस्ती पंथांत मार्गदर्शनाच्या काही कसोट्या थोड्याफार फरकाने मानल्या जातात. मनात आलेली प्रेरणा येशूच्या शिकवणुकीशी जुळते का? अनुभवी व निःस्पृह माणसांना ती पटते का? परिस्थिती आणि विवेकबुद्धी काय सांगतात? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तिचे फळ काय? ज्या 'दैवी आज्ञे'मुळे अहंकार वाढतो, दुसऱ्याचा द्वेष सुचतो किंवा दुर्बलांवर भार पडतो, ती देवाची असू शकत नाही. प्रार्थना करतो म्हणून औषध बंद करा, असे सांगणारा उपदेशक या कसोटीवर टिकत नाही. ज्याच्या नावाने आपण शुभवर्तमान ओळखतो तो लूक स्वतः वैद्य होता, याचा अशा वेळी विसर पडू नये.

महाराष्ट्रातील तीन साक्षी

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. परंतु आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, प्रत्यक्ष ख्रिस्त मात्र आठ वर्षांनंतर भेटला, असे त्यांनी पुढे आपल्या निवेदनात प्रांजळपणे नमूद केले. मधल्या काळात वाँटेजच्या भगिनींशी त्यांचे तीव्र मतभेद झाले होते. मठातील वरिष्ठ सांगतात म्हणून एखादे मत स्वीकारायला त्या तयार नव्हत्या. आपल्या सदसद्विवेकबुद्धीचा अधिकार त्यांनी कोणाच्या हाती दिला नाही. इकडे पुण्यात शारदा सदनातील मुलींवर ख्रिस्ती प्रभाव पडतो, या कारणावरून १८९३ साली वादळ उठले आणि सल्लागार मंडळातील मान्यवर बाजूला झाले. त्या वादाला दोन बाजू आहेत आणि इतिहासकार आजही त्यावर चर्चा करतात. पण १८९६च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचे कळले, तेव्हा रमाबाईंनी जे केले त्याबद्दल वाद नाही. १८७४च्या सुमाराच्या उपासमारीत त्यांनी स्वतःचे आईवडील गमावले होते. ती आठवण हीच त्यांना हाक वाटली. त्या तिकडे गेल्या, निराधार मुलींना घेऊन आल्या आणि केडगावच्या माळरानावर मुक्ती सदन उभे राहिले. शेकडो मुलींना तेथे आसरा मिळाला, शिक्षण मिळाले, हाताला काम मिळाले. हिब्रू व ग्रीक शिकून रमाबाईंनी सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर केले. ते त्यांच्या १९२२मधील निधनानंतर प्रसिद्ध झाले. त्याची छपाई त्या आश्रमातील स्त्रियांच्याच हातून झाली.

टिळकांची हकिगत निराळी. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. एका अनोळखी सहप्रवाशाशी झालेल्या गप्पांतून आयुष्याला वळण मिळाले. अम्माऊसच्या वाटेची येथे आठवण होते. परंतु या निर्णयाची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागली. लक्ष्मीबाईंना पतीपासून दुरावलेली वर्षे काढावी लागली, नातलगांचे बोल ऐकावे लागले. एकाला मिळालेला प्रकाश दुसऱ्याला काही काळ अंधारात लोटू शकतो, हे सत्य 'स्मृतिचित्रे' वाचताना टाळता येत नाही. धार्मिक प्रेरणेबद्दल बोलणाऱ्यांनी ते टाळूही नये.

लक्ष्मीबाई स्वतः ख्रिस्ती झाल्या त्या नवऱ्याच्या मागोमाग, फरफटत नव्हे. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांना एकांतात पडला. विचार करता करता मनातील सोवळे गळून गेले आणि त्यानंतर यथावकाश, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या लेखनात दिव्य दर्शनांचा थाट नाही. देवाची सोबत त्यांच्याकडे येते ती संसाराच्या ओढाताणीत आणि स्वतःवर हसण्याच्या विलक्षण ताकदीत. रोजच्या ख्रिस्ती जीवनातील देवानुभवाचे मराठीतील सर्वांत विश्वसनीय चित्र बहुधा हेच असावे.

देव गप्प असतो तेव्हा

आता सर्वांत अवघड प्रश्न. प्रार्थना केली आणि उत्तर आलेच नाही तर?

रसायनीचे नाव आणि वस्ती दोन्ही कारखान्यांमुळे घडली. हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी १९६० साली स्थापन झाली. तिच्याभोवती आणि आसपासच्या उद्योगांभोवती देशाच्या निरनिराळ्या भागांतून माणसे येऊन राहिली. २०१७ साली केंद्र सरकारने अवकाश संशोधन संस्थेला लागणारे रसायन बनविणारा विभाग वगळता येथील तोट्यातील विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. अशा वेळी घरातील कर्त्या माणसाने कोणत्याही धर्मस्थळी हात जोडले असले, तरी त्याचा प्रश्न एकच असणार : आता पुढे काय? त्याला 'सगळे चांगल्यासाठीच होते' असे सांगणे ही श्रद्धा नव्हे, ती निष्ठुरता आहे.

बायबल येथे खोटा दिलासा देत नाही. गेथशेमाने बागेत येशूनेच दुःखाचा प्याला टळावा अशी प्रार्थना केली आणि तो टळला नाही. संत पौलाने आपल्या शरीरातील काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा राहिला, सोसण्याचे बळ मिळाले. स्तोत्रकर्ते तर देवाला थेट विचारतात की, तू कोठे लपलास? ख्रिस्ती परंपरेने ही तक्रार पवित्र ग्रंथातून गाळली नाही, तिला प्रार्थनेचे स्थान दिले. तेव्हा देवाची सोबत म्हणजे संकटापासून सुटका असे समीकरण मांडता येत नाही. संकटात आपण एकटे नाही, एवढेच आश्वासन तेथे आहे. आणि ते आश्वासन बहुतेक वेळा माणसांच्या रूपाने घरी येते. कोणी मुलाची फी भरतो, कोणी नव्या नोकरीची खबर आणतो, कोणी काही न बोलता तासभर शेजारी बसतो. मंडळीतील माणसे अशा वेळी नुसती प्रार्थना करून परत गेली, तर तिची प्रार्थना अपुरी राहिली असेच म्हणावे लागेल.

हीच सोबत घराच्या उंबरठ्याबाहेरही जाते. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हिरव्या वसईच्या रक्षणासाठी आंदोलन उभारले. २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले आणि २०२४ साली त्यांचे निधन झाले. धर्मगुरूचे काम वेदीपाशी संपत नाही, विहिरी आणि झाडे हीही त्याच्या प्रार्थनेची बाब आहे, हे त्यांच्या आयुष्याने दाखविले. कारखान्यांच्या सांडपाण्याचा भार वाहणाऱ्या पाताळगंगेच्या काठी हा विचार तर अधिकच लागू पडतो.

ज्याला या श्रद्धेची वाट पटत नाही, त्यालाही दिवसअखेरीची ती पंधरा मिनिटे उपयोगी पडू शकतील. आज मी कोणाशी कसा वागलो? कोणत्या क्षणी मन निवले आणि कोणत्या क्षणी कोरडे पडले? ख्रिस्ती माणूस हे प्रश्न एका सोबत्याच्या सान्निध्यात विचारतो, एवढाच फरक. उत्तर लगेच मिळेल असे नाही. अम्माऊसच्या शिष्यांनाही सारी वाट चालून, घरी पोहोचून, भाकर मोडेपर्यंत थांबावे लागले होते. त्यांनी त्या अनोळखी वाटसरूला रात्र झाली म्हणून आग्रहाने घरात घेतले, म्हणून त्यांना तो ओळखता आला. दारावरून त्याला जाऊ दिले असते, तर त्यांची ओळख राहूनच गेली असती.